संकेत, इंगित आणि संकल्पना : ऑस्कर फुंग्स्ट यांच्या अश्वग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राण्यांना माणसाच्या संकल्पना खरोखर कळतात, की ते केवळ समोरच्या माणसाच्या हालचाली पाहून प्रतिसाद देतात, हा प्रश्न तुलनात्मक मानसशास्त्रात जेव्हा जेव्हा उपस्थित होतो तेव्हा बर्लिन येथील हान्स या घोड्याचा दाखला हमखास दिला जातो. पाठ्यपुस्तकांतून ही कथा दोन-तीन परिच्छेदांत आटोपते. घोडा गणित करीत असल्याचे भासले, शास्त्रज्ञ आले, भ्रम नाहीसा झाला, इतकाच तिचा आशय असतो. या संक्षेपात मूळ ग्रंथ मात्र हरवून जातो. ऑस्कर फुंग्स्ट यांचा 'श्री. फॉन ऑस्टेन यांचा घोडा' हा जर्मन ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. या ग्रंथाने प्रत्यक्षात काय सिद्ध केले आणि त्याच्या नावावर पुढे काय सिद्ध झाल्याचे मानले गेले, या दोहोंतील अंतर प्रस्तुत लेखात तपासले आहे. हे अंतर केवळ विद्वानांच्या कुतूहलापुरते नाही. पोलिसांचा कुत्रा एखाद्या माणसापुढे जाऊन थांबतो तेव्हा त्या माणसाचे स्वातंत्र्य याच अंतरावर अवलंबून असते.

चर्चेपूर्वी दोन शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. या विषयावरील मराठी लेखनात प्राणी माणसाचे 'संकेत' ओळखतो असे सरसकट म्हटले जाते. परंतु संकेत म्हणजे ठराव होय. न्यायशास्त्रात शब्द आणि अर्थ यांना जोडणाऱ्या ठरावाला संकेत असेच म्हटले आहे. त्यात हेतू असतो, तो शिकवावा लागतो आणि तो मोडताही येतो. याउलट मनातील भाव कर्त्याच्या नकळत शरीरावर उमटतो, त्याला संस्कृत परंपरेने इंगित हा शब्द योजला आहे. मराठीत 'इंगित' हा शब्द आज गुपित किंवा मर्म या अर्थाने अधिक रूढ असला, तरी येथे तो त्याच्या जुन्या, मर्यादित अर्थाने वापरला आहे. हान्सचे सारे प्रकरण या दोन शब्दांतील भेदाभोवती फिरते.

फॉन ऑस्टेन यांची शाळा

विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक होते. बर्लिनमधील आपल्या घराच्या चौकात त्यांनी सुमारे चार वर्षे हान्सला शिकवले, आणि तेही सर्कशीतील जनावराला शिकवावे तसे नव्हे, तर शाळेतील मुलाला शिकवावे तसे. फळा होता, मण्यांची चौकट होती, मोजण्यासाठी लाकडी सोंगट्या होत्या. अक्षरांचा एक तक्ता होता व त्यातील प्रत्येक अक्षराला ओळ आणि स्तंभ यांचे क्रमांक दिलेले होते. हान्स पुढच्या पायाचे खूर आपटून उत्तर देई. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, घड्याळातील वेळ, तारीख, माणसांची नावे अशा नाना विषयांवरील प्रश्नांना तो या रीतीने उत्तरे देत असे. उत्तर बरोबर आले की पाव किंवा गाजर मिळे. फॉन ऑस्टेन यांनी या प्रयोगांसाठी पैसे घेतले नाहीत. इतकेच नव्हे, तर त्यांच्या गैरहजेरीत परक्या माणसांनी विचारलेल्या प्रश्नांनाही घोडा बरोबर उत्तरे देत असे. लबाडीचा संशय घेणाऱ्यांची खरी अडचण येथेच होती.

१९०४ च्या सप्टेंबरमध्ये तेरा जणांच्या एका समितीने घोड्याची पाहणी केली. तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ, प्राणिशास्त्रज्ञ ओस्कार हाइनरोथ, प्राणिसंग्रहालयाचे संचालक लुडविग हेक यांच्याबरोबर पॉल बुश हे सर्कशीचे मालकही तिच्यात होते. जनावराला गुपचूप खुणा कशा करतात हे ज्याला धंद्याने ठाऊक, असा माणूस समितीत असणे ही मोठी शहाणपणाची गोष्ट होती. समितीला कोणतीही हेतुपुरस्सर खूण आढळली नाही. तिने तसे स्पष्ट नमूद केले आणि प्रकरण गंभीर अभ्यासास योग्य असल्याचे सांगितले. पुढे या समितीची फसगत झाली असे लिहिण्याची प्रथा पडली. ती अन्यायाची आहे. समितीने संकेत शोधला आणि तो तेथे नव्हता. हा निष्कर्ष आजही अबाधित आहे. जे होते ते इंगित होते, आणि ते शोधण्याची रीत समितीजवळ नव्हती.

ती रीत श्टुम्फ यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या फुंग्स्ट यांनी तयार केली. तिचे तत्त्व साधे आहे. एकच प्रश्न दोन प्रकारे विचारायचा. एकदा विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असताना आणि एकदा ठाऊक नसताना. अंक लिहिलेली पाटी घोड्याला दाखवली आणि विचारणाऱ्याला तो अंक माहीत असला, तर शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. विचारणाऱ्याने अंक पाहिलेला नसला, तर हे प्रमाण शेकडा ८ वर उतरले. दुसऱ्या प्रयोगात एकाने घोड्याच्या कानात एक संख्या सांगायची, दुसऱ्याने दुसरी सांगायची आणि बेरीज घोड्याने करायची, अशी योजना होती. बेरीज कोणालाच ठाऊक नसताना ३१ पैकी ३ उत्तरे बरोबर आली, ठाऊक असताना ३१ पैकी २९. त्यानंतर घोड्याच्या डोळ्यांना झापड बांधण्यात आली. विचारणारा दिसत असताना शेकडा ८९, तर दिसत नसताना शेकडा ६ उत्तरे बरोबर ठरली. घोड्याचे ज्ञान डोळ्यांवाटे येत होते आणि ते फळ्यावरून नव्हे, माणसावरून येत होते, याविषयी शंका उरली नाही.

यानंतर फुंग्स्ट यांनी पाहिले ते असे. प्रश्न विचारून झाला की विचारणारा घोड्याच्या खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुकतो. घोडा खूर आपटू लागतो. अपेक्षित आकडा आला की मनावरचा ताण सुटतो आणि डोके अगदी सूक्ष्मसे वर येते, घोडा थांबतो. फुंग्स्ट यांनी काहीही न विचारता केवळ पुढे झुकून पाहिले, तरी घोडा खूर आपटू लागला. प्रश्न विचारण्याचीही गरज नव्हती.

ग्रंथाचा खरा नायक

ग्रंथाचा सर्वांत मौल्यवान भाग यापुढे येतो, आणि पाठ्यपुस्तकांत नेमका तोच गाळला जातो. फुंग्स्ट प्रयोगशाळेत गेले आणि स्वतः घोडा झाले. समोरच्या व्यक्तीने मनात एक संख्या धरायची, फुंग्स्ट यांनी हाताने ठोके द्यायचे आणि त्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरून थांबण्याची वेळ ओळखायची, असा हा प्रयोग होता. पंचवीस जणांपैकी दोघे वगळता सर्वांच्या डोक्याची तीच नकळत हालचाल झाली. प्रयोगाचा हेतू काय आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते.

या प्रकरणात घोडा कोठेच नाही. आहे तो माणूस. आपल्याला ठाऊक असलेले उत्तर माणूस झाकू शकत नाही आणि आपण ते सांगितले हेही त्याला कळत नाही, असा येथील शोध आहे. औषधांच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही खरे औषध कोणते हे कळू न देण्याची जी पद्धत आज सर्वमान्य आहे, तिच्या मुळाशी हीच दक्षता आहे. सारांश, फुंग्स्ट यांचा ग्रंथ नावाने घोड्याचा असला तरी आशयाने माणसाचा आहे.

ग्रंथाविषयीचा आक्षेप त्याच्या निष्कर्षांच्या व्याप्तीबाबत आहे. हान्सला वाचता येत नाही, मोजता येत नाही, घड्याळ, दिनदर्शिका वा नाणी यांविषयी त्याला काहीही कळत नाही, असे फुंग्स्ट सांगतात. हान्सच्या त्या वर्षांतील उत्तरांपुरते हे विधान न्याय्य आहे. पण ग्रंथाला जोडलेल्या प्रस्तावनेत श्टुम्फ एक पाऊल पुढे जातात. इतक्या चिकाटीच्या शिक्षकाने इतकी वर्षे खपूनही घोड्यात संकल्पनात्मक विचाराचा मागमूस निर्माण झाला नाही. तेव्हा अशा प्राण्यांना तो विचार नसतोच, या जुन्या मताला आता प्रयोगाचा आधार मिळाला, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे.

हा युक्तिवाद फुंग्स्ट यांच्याच प्रयोगांपुढे टिकत नाही. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाच्या चेहऱ्यावर प्रत्येक उत्तर लिहिलेले असेल, तर विद्यार्थ्याला गणित करण्याचे कारणच उरत नाही. अशा विद्यार्थ्याला पर्यवेक्षकाशिवाय बसवले आणि तो नापास झाला, तर त्याने चार वर्षांत गणित शिकले नाही हे सिद्ध होते; त्याला गणित शिकताच येत नाही हे सिद्ध होत नाही. फॉन ऑस्टेन यांच्या चौकात गाजर मिळण्याचा सर्वांत सोपा मार्ग माणसाच्या मानेवरून जात होता. हान्सने तो मार्ग पत्करला. जे शिक्षण पहिल्या दिवसापासून इंगितांनी भरलेले होते, त्याला संकल्पनेची कसोटी मानणे ही पद्धतीची चूक होय. 'वापरले नाही' आणि 'येत नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत. ग्रंथातील प्रयोग पहिल्याला पुरावा देतात, प्रस्तावना दुसरे मांडते, आणि विसाव्या शतकाने प्रस्तावना लक्षात ठेवली.

उलट बाजूचा अतिरेकही झाला. १९०९ मध्ये फॉन ऑस्टेन यांचे निधन झाल्यावर हान्स एल्बरफेल्ड येथील कार्ल क्राल या जवाहिऱ्याकडे गेला. क्राल यांनी आणखी घोडे शिकवले, 'विचार करणारे प्राणी' या अर्थाच्या शीर्षकाचा जाडजूड ग्रंथ १९१२ मध्ये काढला आणि त्यांचे घोडे पाहण्यास मॉरिस माटरलिंक यांच्यासारखा नोबेल पारितोषिकाचा मानकरी लेखक गेला. त्या ग्रंथाची येथे अधिक दखल घेण्याचे कारण नाही. फुंग्स्ट यांची कसोटी समोर असताना तिच्याकडे पाठ फिरवून लिहिलेले ते पुस्तक आहे.

कसोटीचा प्रामाणिक वापर

इंगिताचा मार्ग बंद केल्यावर काय उरते, हे पाहण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांत हर्बर्ट टेरेस यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचे उदाहरण उद्‌बोधक अशासाठी, की ते दोन्ही बाजूंनी साक्ष देते. १९७३ मध्ये जन्मलेल्या निम या चिंपँझीला त्यांनी मूकबधिरांची खुणांची भाषा शिकवण्याचा प्रकल्प हाती घेतला तो वानराला वाक्यरचना येते हे दाखवण्यासाठी. पण चित्रफिती बारकाईने पाहिल्यावर निमच्या अनेक खुणा म्हणजे शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. १९७९ मध्ये त्यांनी आपल्याच अपेक्षेविरुद्धचा हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या भाषेचे संशोधन त्यानंतर काही काळ थंडावले. हान्सचे भूत पुन्हा उभे राहिले, असे अनेकांना वाटले.

मात्र टेरेस तेथे थांबले नाहीत. १९९८ मध्ये त्यांनी एलिझाबेथ ब्रॅनन यांच्यासह दोन ऱ्हीसस माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. माकडापुढे माणूस नव्हता, स्पर्शपडदा होता. पडद्यावर एक ते चार वस्तूंची चित्रे उमटत आणि माकडाने ती चढत्या क्रमाने दाबायची असत. वस्तूंचा आकार, रंग, क्षेत्रफळ बदलत ठेवले होते, त्यामुळे संख्येखेरीज कशाचाही आधार उरला नव्हता. हे साधल्यावर त्यांना पूर्वी न शिकवलेल्या पाच ते नऊ या संख्यांच्या जोड्या दाखवल्या. माकडांनी त्याही योजनापूर्वक, लहान-मोठेपणाच्या क्रमाने दाबल्या. पडद्याला भुवया नसतात. त्यामुळे येथे इंगिताची पळवाट उपलब्ध नाही. ज्या अभ्यासकाने निमचा भ्रम दूर केला, त्याच्याच नावावर हा पुरावा जमा आहे, ही गोष्ट या विषयावरील ढोबळ विधाने करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. घोड्यांपुरते बोलायचे तर २००९ मध्ये क्लाउडिया उलर आणि जेनिफर लुईस यांनी घोडे लहान संख्यांतील मोठी राशी निवडतात असे दाखवले. श्टुम्फ यांच्या विधानाला इतके उत्तर पुरेसे आहे.

अर्थात लहान-मोठा क्रम कळणे म्हणजे बेरीज कळणे नव्हे, आणि माणसाची 'संख्या' ही संकल्पना त्याहून कितीतरी गुंतागुंतीची आहे. पण मग प्रश्नही बदलावा लागतो. संकल्पना एकतर पूर्ण असते किंवा नसतेच, हे गृहीतक मुलांच्या बाबतीत कोणीही मानत नाही. पाच वर्षांच्या मुलाला संख्येची अर्धीमुर्धी जाण असते असे आपण सहज म्हणतो. माकडाबद्दल तेवढे म्हणण्यास शास्त्राला जवळजवळ शतक लागले.

इंगितज्ञानाची प्रतिष्ठा

या वादातील आणखी एक गृहीतक तपासण्याजोगे आहे. संकल्पना कळणे श्रेष्ठ आणि हालचाल वाचणे हलके, अशी उतरंड दोन्ही पक्षांनी विनातक्रार स्वीकारली. म्हणूनच हान्स केवळ माणसाकडे पाहत होता हे कळताच लोकांचा विरस झाला. भारतीय नीतिपरंपरेत ही उतरंड अगदी उलटी आढळते. पंचतंत्रातील एका प्रसिद्ध सुभाषिताचा आशय असा, की बोललेले तर पशूलाही समजते, घोडे आणि हत्ती सांगितल्याप्रमाणे ओझे वाहतात. न बोललेले ओळखणे हेच पंडिताचे लक्षण आणि दुसऱ्याचे इंगित जाणणे हेच बुद्धीचे फळ. या निकषाने पाहिले, तर बोललेले न कळणारा आणि न बोललेले अचूक टिपणारा हान्स पशूंच्या रांगेत न बसता पंडितांच्या रांगेत बसतो! विनोद सोडला तरी मुद्दा उरतो. तेरा जाणत्या माणसांच्या समितीला जी हालचाल दिसली नाही, ती घोड्याला दिसत होती.

मराठी भाषेने या बाबतीत पाश्चात्त्यांचीच बाजू घेतली आहे. 'नंदीबैलासारखी मान हलवणे' या वाक्प्रचारात न समजता होकार देण्याचा उपहास आहे. गुबूगुबू वाजवीत दारी येणाऱ्या नंदीबैलाला 'पाऊस पडेल का' असे विचारावे आणि त्याने मान डोलवावी, हा खेळ महाराष्ट्रातील पिढ्यांनी पाहिला. बैलाला पावसाचे काही कळत नाही हे पाहणारांनाही ठाऊक होते. पण होकार केव्हा द्यायचा आणि नकार केव्हा, हे मालकाच्या आवाजावरून, वाद्यावरून आणि दोरीच्या ओढीवरून त्याला कळत असे. हे शिक्षण हेतुपुरस्सर आहे, म्हणून ते संकेताच्या बाजूला जाते, इंगिताच्या नव्हे. नंदीबैलवाला आणि फॉन ऑस्टेन यांच्यातील भेद येथेच आहे. पहिल्याला आपण काय करतो हे पक्के ठाऊक असते, दुसऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते.

कुत्र्यांवरील अलीकडच्या संशोधनाने या क्षमतेला तिची योग्य जागा मिळवून दिली. लपवलेले अन्न कोठे आहे हे माणसाने बोट दाखवून सुचवले असता ते शोधण्यात कुत्रे चिंपँझी आणि लांडगे यांच्याहून सरस ठरतात, असे ब्रायन हेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडले. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने हीच गोष्ट आपल्याकडील भटक्या कुत्र्यांवर तपासली. कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय, जवळ येणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुसंख्यांनी दाखवलेल्या दिशेचा अर्थ बरोबर लावला. बोट दाखवणे हा ठराव आहे. बोटाकडे न पाहता बोटापलीकडे पाहणाऱ्या जनावराला केवळ हालचाल टिपणारे यंत्र म्हणणे कठीण आहे. 'संकल्पना की हालचाल' या द्वंद्वात हे वर्तन बसत नाही, याचा दोष कुत्र्याकडे नव्हे, द्वंद्वाकडे जातो.

न्यायालयातील हान्स

इंगितज्ञानाचा हा गौरव करताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. २०११ मध्ये लिसा लिट, ज्युली श्वाइट्झर आणि अनिता ओबरबाउर यांनी अमली पदार्थ व स्फोटके शोधणाऱ्या श्वानांच्या १८ जोड्यांवर, म्हणजे श्वान आणि हॅन्डलर यांच्यावर, एक प्रयोग केला. एका चर्चच्या खोल्यांत कोणताही वास ठेवलेला नव्हता. हॅन्डलरना मात्र वास लपवला असल्याचे आणि काही ठिकाणी लाल कागदाने तो दर्शवला असल्याचे सांगण्यात आले. एकूण १४४ फेऱ्यांपैकी केवळ २१ फेऱ्या निर्दोष पार पडल्या. उरलेल्यांत श्वानाने इशारा दिल्याचे एकदा तरी नोंदवले गेले. श्वान खरोखर थांबला की हॅन्डलरला तो थांबल्यासारखे वाटले, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. पण संशयिताच्या दृष्टीने त्या भेदाला काही अर्थ नाही.

भारतीय न्यायालयांनी हा धोका मानसशास्त्राच्या परिभाषेविना ओळखलेला दिसतो. महाराष्ट्रात रेल्वेगाडी रुळावरून घसरवल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये श्वानपुराव्यावरील तीन नेहमीचे आक्षेप नोंदवले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याच्या वतीने माणूस बोलतो, म्हणून तो ऐकीव पुरावा होय. माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर सोपवू नये. आणि अशा पुराव्याचा परिणाम त्याच्या मोलापेक्षा अधिक नाट्यपूर्ण होतो. न्यायालयाने त्या वेळी सर्वसाधारण नियम घालून दिला नाही. हा पुरावा अग्राह्य आहे असे आरोपीच्या बाजूने गृहीत धरूनही अन्य पुराव्याने दोष सिद्ध होतो, असे त्याने म्हटले. पुढे २००१ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्यात याच न्यायालयाने कुत्र्याकडून किंवा त्याच्या मालकाकडून चूक होण्याची, तसेच कुत्र्याच्या वर्तनाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता बोलून दाखवली.

'किंवा त्याच्या मालकाकडून' या शब्दांत फुंग्स्ट यांचा सारा ग्रंथ सामावला आहे. १९६९ च्या पहिल्या आक्षेपाचा रोख कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही यावर आहे. पण उलटतपासणीची गरज कुत्र्याहून हॅन्डलरला अधिक आहे, आणि ती घेता येते. गंध दिलेली वस्तू कोणती, वेळ काय, कुत्रा कोठवर गेला, हे प्रश्न वकील विचारतात. बर्लिनच्या चौकातून आलेला प्रश्न त्यांच्या आधी विचारावयास हवा : श्वानाला मोकळे सोडले, त्या क्षणी पोलिसांचा संशय कोणावर आहे हे हॅन्डलरला ठाऊक होते काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या शोधाची गणना फुंग्स्ट यांच्या पहिल्या रकान्यात, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलेल्या फेऱ्यांत करावी लागेल. आणि त्या रकान्यात हान्सची शेकडा ९८ उत्तरे बरोबर होती.